चित्रकार्डांचीं कवचें

अमेरिकेंतील मुलांचा एक जुना खेळ होता. कपडे वाळत घालावयाच्या चिमट्यानें सायकलच्या चाकाजवळ एक पुठ्ठ्याचें कार्ड अडकवावयाचें. त्या कार्डावर बेसबॉलच्या एखाद्या खेळाडूचें चित्र असे. चाक फिरूं लागलें, कीं त्याच्या तारा कार्डावर आपटत आणि मोटारीच्या यंत्रासारखा फडफडाट होई. हीं कार्डें च्युइंगमच्या पाकिटांतून मिळत. गम चघळून संपे, कार्ड चाकाला लागे आणि दोन दिवसांत त्याच्या चिंध्या होत. उरलेलीं कार्डें रबरानें बांधून बुटांच्या खोक्यांत पडत. आणि मुलगा मोठा होऊन घराबाहेर पडला, म्हणजे साफसफाईच्या वेळीं तें खोकेंहि केरांत जाई.

त्याच काळांतील एका कार्डाची पुढची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९५२ सालीं टॉप्स नांवाच्या कंपनीनें मिकी मँटल या तरुण खेळाडूचें कार्ड काढलें. त्या वर्षाच्या मालिकेचा शेवटचा भाग बाजारांत उशिरां आला व त्यांतील पुष्कळ माल तसाच पडून राहिला. पुढें १९६० च्या सुमारास तो न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रांत टाकून देण्यांत आला, असें त्या कंपनीचे साय बर्जर सांगत असत. आणि ऑगस्ट २०२२ मध्यें मँटलच्या त्याच कार्डाची एक प्रत लिलावांत १ कोटि २६ लक्ष डॉलर्सला विकली गेली. पारख करणाऱ्या संस्थेनें त्या प्रतीला दहापैकीं साडेनऊ गुण दिले होते. चित्र तेंच, कागद तोच, शाई तीच; पण झिजलेल्या, दुमडलेल्या प्रतींना त्या किमतीचा अगदीं अल्पसा अंश मिळतो. एवढा फरक पडतो तो चार कोपरे, चार कडा आणि दोन पृष्ठभाग यांच्यामुळें.

बेसबॉल हा अमेरिकेचा खेळ असला, तरी कार्डांचा छंद आतां तेथेंच राहिलेला नाहीं. १९९३ सालीं रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाचा ‘मॅजिक’ हा पत्त्यांचा खेळ निघाला. १९९६ सालीं जपानांत ‘पोकेमॉन’चीं कार्डें आलीं. आज मुंबई-पुण्याच्या घरांतहि पोकेमॉनचीं, फुटबॉलचीं व क्रिकेटचीं कार्डें मुलांच्या टेबलांवर दिसतात, आणि ज्यांनीं लहानपणीं तीं जमविलीं असे कित्येक प्रौढ गृहस्थ आतां पुन्हां त्या नादीं लागले आहेत. अशा प्रत्येक घरांत केव्हांतरी एक प्रश्न निघतो: एवढ्या हौसेनें जमविलेलें हें कार्ड ठेवावें तरी कशांत? आणि परगांवच्या माणसाला तें पाठवावयाचें झाल्यास कशांतून पाठवावें? दुकानांत आवरणांचे नाना प्रकार मिळतात. जें महाग व चकचकीत तेंच उत्तम, असा समज करून घेणें सोपें असतें. परंतु या बाबतींत किंमत ही चांगली सल्लागार नव्हे. कवच निवडण्यापूर्वीं शत्रू कोण, हें ओळखलें पाहिजे.

कार्डाचे शत्रू दोन जातींचे आहेत. घरांत जे त्याचा नाश करतात ते सावकाश काम करणारे असतात: दमट हवा, ऊन, धूळ, हातांचा घाम. प्रवासांत जे नाश करतात ते एका क्षणांत आपलें काम उरकतात: वांकणें, घसरणें, दाबलें जाणें, भिजणें. घरासाठीं योजलेलें कवच प्रवासांत पुरें पडत नाहीं. आणि प्रवासाचें बांधलेलें बासन वर्षानुवर्षें तसेंच ठेवणें हितावह नसतें. यांखेरीज एक तिसरा शत्रू आहे. तो कवचाच्याच रूपानें घरांत येतो, आणि म्हणून त्याचा संशयहि येत नाहीं.

प्रथम या तिसऱ्याचाच विचार करणें बरें. कार्डाच्या अंगाला जें लागतें तें पहिलें वस्त्र सर्वांत महत्त्वाचें असतें, आणि आनंदाची गोष्ट ही, कीं तेंच सर्वांत स्वस्त असतें. एका बाजूनें उघडी अशी ही पातळ, पारदर्शक पिशवी असते. अमेरिकन संग्राहक तिला ‘पेनी स्लीव्ह’ म्हणजे पैशाची पिशवी म्हणतात. ती कोणत्या द्रव्याची आहे, हें पाहून घ्यावें. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएथिलीन व पॉलिएस्टर हीं तीन द्रव्यें, त्यांवर दुसरा कांहीं लेप नसेल तर, कागदाजवळ दीर्घकाळ ठेवण्यास निर्धोक मानतात. ग्रंथालयें व संग्रहालयें जुनीं पत्रें आणि छायाचित्रें यांसाठीं हींच द्रव्यें वापरतात.

याच्या उलट गोष्ट मऊ पी. व्ही. सी.ची. हें द्रव्य मूळचें कठीण असतें. त्याला लवचिकपणा यावा म्हणून त्यांत तेलासारखीं मृदुकारक रसायनें मिसळतात. तीं रसायनें कायमचीं आंत बसून राहत नाहींत. कालांतरानें तीं पृष्ठभागावर येतात, प्लॅस्टिक चिकट होतें, छापलेल्या चित्रावर तेलकट थर चढतो आणि कार्ड ओढून काढूं गेल्यास चित्राची शाई प्लॅस्टिकला लागून येते. पी. व्ही. सी. जुनें होऊन कुजूं लागलें, म्हणजे त्यांतून आम्लहि सुटतें, आणि आम्ल हें कागदाचें वैरी आहे. जुन्या, मऊ पानांच्या वह्यांत मोठ्या विश्वासानें ठेवलेलीं कित्येक कार्डें अशा रीतीनें रक्षकाच्याच हातून बिघडलीं. नव्या रेनकोटाला येतो तसा उग्र वास ज्या पिशवीला येतो, आणि जिच्या वेष्टनावर द्रव्याचें नांवच दिलेलें नाहीं, ती पिशवी कितीहि स्वस्त मिळाली तरी घेऊं नये.

द्रव्यानंतर माप. १९५७ सालापासून टॉप्स कंपनीच्या बेसबॉल-कार्डांचें माप अडीच इंच रुंद व साडेतीन इंच उंच असें ठरलें, आणि पुढें तेंच सर्वसामान्य झालें. पोकेमॉनचें कार्डहि जवळजवळ तेवढेंच, म्हणजे ६३ मिलिमीटर रुंद व ८८ मिलिमीटर उंच असतें. परंतु १९५२ सालचें मँटलचें कार्ड याहून मोठें होतें. त्याची रुंदी अडीच इंचांहून व उंची साडेतीन इंचांहून अधिक होती. तें आजच्या सामान्य पिशवींत कोंबूं गेल्यास कोपरेच मोडावयाचे. उलट जपानच्याच ‘यू-गी-ओ’ खेळाचीं कार्डें ५९ व ८६ मिलिमीटर अशीं लहान असतात; तीं मोठ्या पिशवींत इकडून तिकडे सरकतात व कडा झिजवून घेतात. तंग अंगरखा आणि ढिला अंगरखा, दोन्ही कार्डाला सारखेच घातक होत. म्हणून पिशव्यांचा गठ्ठा घेण्याआधीं पट्टी घेऊन कार्ड मोजावें.

कार्ड पिशवींत सरकवितांना जेवढे कोपरे मोडतात, तेवढे एरवीं क्वचितच मोडत असतील. हात धुवून पुसून कोरडे करावे, कार्ड कडांनीं धरावें, पिशवीचें तोंड बोटानें किंचित् फांकवावें आणि कार्ड सरळ, न रेटतां आंत जाऊं द्यावें. तोंडाचा एक कोपरा तिरका कापलेल्या पिशव्याहि मिळतात. त्यांत कार्डाचा कोपरा अडखळत नाहीं.

पिशवी धूळ आणि ओरखडे अडविते, पण कार्ड वांकण्यापासून वांचवूं शकत नाहीं. त्यासाठीं कठीण कवच हवें. यांत ‘टॉपलोडर’ हें सर्वांत प्रचारांतलें: वरच्या बाजूनें उघडें, सुमारें तीन इंच रुंद व चार इंच उंच असें ताठ प्लॅस्टिकचें घर. हें बहुधा पी. व्ही. सी.चेंच असतें. मग वर सांगितलेला धोका येथें कां नाहीं, अशी शंका येणें स्वाभाविक आहे. ताठ पी. व्ही. सी.मध्यें मृदुकारक रसायनें फारशीं घातलेलीं नसतात, हें एक. आणि आंतील पिशवीमुळें त्याचा कार्डाला स्पर्श होत नाहीं, हें दुसरें. पण म्हणूनच पिशवीवांचून कार्ड यांत कधींहि घालूं नये. कठीण प्लॅस्टिकवर घासून कार्डाच्या पृष्ठभागावर बारीक रेघा पडतात, आणि त्या पुढें कोणत्याहि उपायानें जात नाहींत.

टॉपलोडर घेतांना जाडी पाहावी लागते. कार्डांची जाडी ‘पॉइंट’ या परिमाणांत सांगतात. एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग. साधें टॉपलोडर ३५ पॉइंटांचें, म्हणजे मिलिमीटरापेक्षां किंचित् कमी जागेचें असतें व तें साध्या कार्डाला पुरतें. खेळाडूच्या अंगरख्याचा तुकडा बसविलेलीं जाड कार्डें अलीकडे निघतात. त्यांतील कांहींना १३० पॉइंट, म्हणजे सुमारें सव्वातीन मिलिमीटर जागा लागते. जाड कार्ड अरुंद घरांत दाबलें तर त्याच्या कडा चेंगरतात, आणि पातळ कार्ड ऐसपैस घरांत ठेवलें तर तें आंतल्या आंत आपटत राहतें.

याहून दिमाखदार म्हणजे दोन जाड पारदर्शक तबकड्यांची, लोहचुंबकानें मिटणारी डबी. दर्शनी ठेवावयाच्या थोड्या कार्डांसाठीं ती चांगली. तिच्यांतील कांहीं प्रकार सूर्यप्रकाशांतील अतिनील किरणांना बऱ्याच अंशीं अडवितात. परंतु त्यामुळें रंग उडण्याची क्रिया मंदावते एवढेंच. ती थांबत नाहीं. खेळाडूची शाईनें केलेली सही तर उन्हांत फार लवकर फिकी पडते. तेव्हां डबी कोणतीहि असो, ती खिडकीसमोर मांडूं नये. जुन्या काळीं चार कोपऱ्यांना स्क्रू बसविलेल्या तबकड्यांना मोठा मान होता. स्क्रू जितके घट्ट, तितकें कार्ड सुरक्षित, असें लोकांना वाटे. वस्तुतः त्या दाबानें कार्ड चपटें होऊन पसरे. आणि अशा दाबलेल्या कार्डाला पारख करणाऱ्या संस्था नापसंत करूं शकतात. अतिरक्षणानें झालेल्या नाशाचें हें ठळक उदाहरण होय.

पुष्कळ कार्डें एकत्र पाहतां यावीं म्हणून नऊ-नऊ खणांच्या पानांची वही सोयीची असते. तिचीं पानें वरील तीन निर्धोक द्रव्यांपैकीं एखाद्याचीं असावींत व खणांचीं तोंडें बाजूला असावींत, म्हणजे वही उलटी झाली तरी कार्डें गळत नाहींत. वहीच्या कडीचा आकारहि पाहावा. गोल कडीवर पानें ओढलीं जाऊन आंतल्या रांगेंतील कार्डांवर कडीचा वण उमटतो. एका बाजूनें सपाट अशी कडी असल्यास पानें सरळ बसतात. आणि वही गच्च भरूं नये.

येथें जेफर्सन बर्डिक या संग्राहकाचें स्मरण होतें. न्यूयॉर्क संस्थानांतील सिराक्यूस येथें राहणारा हा साधा कामगार. संधिवातानें त्याचीं बोटें वांकडीं झालेलीं होतीं. त्यानें तीन लक्षांहून अधिक चित्रकार्डें व तत्सम छापील कागद जमविले, त्यांची सूची रचली आणि हा सारा ठेवा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला. त्यांत बेसबॉलचींच ३०,००० हून अधिक कार्डें आहेत. त्या दुखऱ्या हातांनीं, संग्रहालयांत बसून, त्यानें तीं वर्षानुवर्षें वह्यांत चिकटविलीं. जानेवारी १९६३ मध्यें तें काम पुरें झालें आणि मार्चमध्यें त्याचा देहान्त झाला. त्यानें सूचींत दिलेलीं अक्षरें व क्रमांक संग्राहक आजहि वापरतात. चिकटविल्यानें कार्डाची मागील बाजू झांकली जाते व डिंकाचा डाग राहतो, म्हणून आज तसें कोणी करणार नाहीं. पण बर्डिकला बाजारभावाची चिंता नव्हती. संग्रह विखरूं नये, त्याचा क्रम टिकावा, ही त्याची चिंता होती, आणि त्या शत्रूला त्यानें पुरतें ओळखलें होतें. आज खणांच्या पानांमुळें क्रमहि राखतां येतो व कार्डहि सुटें राहतें, एवढीच आपल्या काळाची सोय अधिक.

आपल्याकडील संग्राहकाला एका शत्रूची ओळख अमेरिकन पुस्तकांतून पुरेशी होत नाहीं. तो म्हणजे मुंबई, कोंकण व गोवा येथील पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्यें तेथील हवेंतील सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. कागदाला साधारणतः ५० टक्क्यांच्या आंतबाहेरची हवा मानवते. कागद ओल शोषून फुगतो. ज्या कार्डांवर चकाकणारा वर्ख असतो, त्यांचा वर्ख फुगत नाहीं व कागद फुगतो. म्हणून तीं कार्डें कमानीसारखीं वांकतात. ओल टिकून राहिली तर बुरशीहि येते. उपाय साधे आहेत. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटांत किंवा जमिनीवर संग्रह ठेवूं नये. झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या व त्या ओल्या झाल्यावर बदलाव्या. आणि पावसाळी दिवशीं कार्डें प्लॅस्टिकमध्यें हवाबंद करूं नयेत. कारण त्या दिवशींची ओलहि त्यांच्याबरोबर कोंडली जाते. हें काम कोरड्या हवेच्या दिवसांत उरकावें.

आतां प्रवास. कार्ड टपालांत पडलें, म्हणजे मालकाचा त्यावरील हात सुटतो. पोंचलेलें कार्ड दुमडलेलें निघालें, तर पाठविणारा व घेणारा यांच्यांत जो संशय उत्पन्न होतो, तो पैसे परत देऊनहि पुष्कळदां फिटत नाहीं. कारण तें आधींच दुमडलेलें होतें, कीं वाटेंत दुमडलें, याचा पुरावा कोणापाशींच नसतो. म्हणून येथील काळजी ही अनोळखी माणसाशीं राखलेल्या सचोटीचाच एक भाग समजावी.

कार्ड आधीं पिशवींत व मग टॉपलोडरमध्यें घालावें. टॉपलोडरचें तोंड उघडें राहिलें तर कार्ड वाटेंत बाहेर सरकतें, म्हणून तें चिकटपट्टीनें बंद करावें. पण ही पट्टी रंगारी लोक भिंतीवर लावतात तशी, डाग न ठेवतां निघणारी असावी, आणि तिचें एक टोंक दुमडून ठेवावें, म्हणजे घेणाऱ्याला ती नखानें खरवडावी लागत नाहीं. नेहमींची पारदर्शक चिकटपट्टी लावल्यास ती काढतांना तिचा डिंक कार्डाला लागण्याची भीति असते. नंतर सारें एका बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवींत घालावें, म्हणजे पाण्यापासून रक्षण होईल. मग टॉपलोडरहून थोडे मोठे असे नालीदार पुठ्ठ्याचे दोन तुकडे घेऊन त्यांच्यामध्यें तें ठेवावें. एका पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या व दुसऱ्याच्या आडव्या असाव्या. पुठ्ठा नळ्यांच्या दिशेनें सहज दुमडतो, आणि अशा रचनेंत एकाची दुबळी दिशा दुसरा सांवरून धरतो. त्याभोंवतीं बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकचा एक वेढा देऊन जाड पाकिटांत तें घालावें. पाकीट हलवून पाहावें. आंत कांहीं हललें, तर काम अपुरें आहे.

साध्या पत्राच्या पाकिटांत टॉपलोडर घालून पाठविणें ही खोटी काटकसर होय. पत्रें निवडणाऱ्या यंत्रांत पाकिटें रुळांमधून वांकत जातात. ताठ वस्तु तेथें अडकते आणि पाकीट फाडून बाहेर येते. चुंबकाची डबी पाठवावयाची असल्यास ती उघडूं नये म्हणून घट्ट पिशवींत घालून खोक्यांतूनच पाठवावी. पारखीसाठीं संस्थेकडे कार्ड पाठवितांना मात्र टॉपलोडरपेक्षां लवचिक असें अर्धताठ आवरण मागतात, कारण त्यांतून परीक्षकाला कार्ड कोपऱ्याला धक्का न लावतां काढतां येतें. निघण्यापूर्वीं कार्डाच्या दोन्ही बाजूंचें छायाचित्र घ्यावें, आणि माग काढतां येईल अशाच सेवेनें पार्सल रवाना करावें. घेणाऱ्यानेंहि घाई करूं नये. पार्सलाच्या मध्यावर सुरी चालवून पुष्कळ कार्डें शेवटच्या क्षणीं कापलीं गेलीं आहेत.

एवढा खटाटोप प्रत्येक कार्डासाठीं करावा काय? याचें उत्तर अमेरिकेच्याच अनुभवांत आहे. जुनीं कार्डें महाग झालेलीं पाहून १९८० नंतरच्या दशकांत लोकांनीं नवीं कार्डें पेट्या भरभरून विकत घेतलीं आणि मोठ्या काळजीनें सांभाळलीं. कंपन्यांनींहि तीं अमाप छापलीं. परिणाम असा झाला, कीं त्या काळांतील बहुतेक कार्डें उत्तम स्थितींत असूनहि त्यांना आज फारशी किंमत नाहीं. मँटलचें कार्ड दुर्मिळ झालें, कारण बाकीचीं बुडालीं, फाटलीं व केरांत गेलीं. कवच असलेली स्थिति टिकवितें. नसलेलें मोल निर्माण करीत नाहीं. म्हणून सर्वसाधारण कार्डें पिशव्यांत घालून खोक्यांत उभीं ठेवावींत, आवडतीं वहींत लावावींत आणि जीं गेलीं असतां पुन्हां मिळणार नाहींत अशा मोजक्यांनाच कठीण कवच द्यावें.

संस्थांनीं पारखून मोहोरबंद केलेल्या डब्यांविषयींहि हेंच म्हणतां येईल. होनस वॅग्नर या खेळाडूचें १९०९ नंतर सिगारेटच्या पाकिटांतून निघालेलें एक कार्ड मोहोरबंद डबींत दहापैकीं आठ गुण मिरवीत कित्येक वर्षें जगप्रसिद्ध होतें. २०१३ सालीं एका लिलावदारानें न्यायालयांत कबूल केलें, कीं त्यानें त्या कार्डाच्या कडा कापलेल्या होत्या. डबी शाबूत होती आणि आंतलें कार्ड कापलेलें होतें. डबीवरचा गुण वाचावा, पण कार्ड पाहण्याचें सोडूं नये.

आणि घरांत मुलें असतील, तर त्यांच्या वांट्याचीं कांहीं कार्डें कवचाबाहेर राहूं द्यावींत. तीं हाताळलीं जातील, अदलाबदलींत जातील, एखादें खिशांत धुतलेंहि जाईल. पण ज्या मुलानें कार्डांशीं मनसोक्त खेळ केला, तोच पुढें एखादें कार्ड जपावें कां, हें न सांगतां जाणतो. नुसत्या बंद डब्या पाहून वाढलेल्या मुलाला तें कोणतेंहि कवच शिकवूं शकत नाहीं.